फौजी कोटातला ड्रम

रेखाचा फोन आला तेव्हा मी दिवाळीच्या फराळाचे रिकामे डबे घासत होते. "वन्सं, हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. दर्पण कॉलनीतून माधवगंजला पोचेपर्यंत मी देवाला, रिक्षावाल्याला आणि खुद्द नानाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. ऊठ मेल्या, आबांना काय सांगू मी? पण तो काही उठला नाही. झोपेतच गेला माझा धाकटा भाऊ. गल्लीत त्याची पांढरी व्हॅन उभी होती, टपावर शिडी बांधलेली, कारण त्या दिवशी सिटी सेंटरमधल्या एका शोरूमच्या काचा पुसायच्या होत्या. आता पौष लागलाय, सकाळी खिडकीबाहेर कोहऱ्यात समोरचं घर दिसत नाही, आणि या दिवसांत मला नाना आठवणार नाही असं होऊच शकत नाही. हिवाळा हा त्याचा खरा सीझन.

नाना काचा पुसायचा. दुकानांच्या, बँकांच्या, उंच ऑफिसांच्या. कुणाच्या पगारावर नाही, स्वतःच्या हिमतीवर. हे आमच्या घरात पचायला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इथं ग्वाल्हेरला आले, हे आमचे आबा आजही कुणाला विसरू देत नाहीत. ते स्वतः सुभेदार होऊन रिटायर झाले. नानाला त्यांनी खटपट करून एका बँकेच्या दारावर गार्ड म्हणून चिकटवलं होतं. अंगावर वर्दी, खांद्यावर बंदूक... आबांच्या मते आब राहिला. नानाच्या मते दिवसभर दुसऱ्यांसाठी दार उघडायचं आणि सलाम ठोकायचा. त्याच दाराची काच पुसायला एक माणूस यायचा. त्याच्याकडे बघता बघता याच्या डोक्यात ते शिरलं, आणि एक दिवस वर्दी परत करून साहेब घरी आले.

त्या संध्याकाळी घरात जो तमाशा झाला! "सुभेदाराचा मुलगा लोकांच्या काचा पुसणार?" आबा गरजले. नाना मान खाली घालून, पण हट्टानं म्हणाला, "पुसणार. पण माझ्या मर्जीनं पुसणार." शेवटी आबांनीच अट घातली. हिवाळा तोंडावर आला होता. संक्रांतीपर्यंत एक दिवस न चुकता काम करून दाखव, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं वर्दी चढवायची. आमच्या ग्वाल्हेरची थंडी ज्यानं अनुभवली नाही त्याला ही अट किरकोळ वाटेल. सकाळी नळाला हात लावला तर बोटं आपली आहेत की नाहीत ते कळत नाही. आणि या माणसाला त्याच पाण्यात हात घालून शिडीवर चढायचं होतं. आबांना पक्की खात्री होती की आठवड्यात लेक शरण येतो.

गाडीवरूनही आधी खल झाला. मी म्हटलं, लोडिंगची रिक्षा घे, शिडी मागं टाकता येईल. नाना म्हणाला, "ताई, उघड्या गाडीत पाण्याचा बर्फ होईल आणि माझाही. मला सरकत्या दाराची व्हॅन पाहिजे. दार ओढून घेतलं की आत पाणी, मी आणि चहा, तिघंही गरम." शाळेच्या मुलांना ने-आण करणारी एक जुनी व्हॅन त्यानं शोधून काढली. मागच्या काचेवर 'सावधान, बच्चे हैं' लिहिलेलं होतं, ते त्यानं कधीच पुसलं नाही. "राहू दे गं, लोक जपून गाडी हाकतात," म्हणायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या काचा चकचकीत केल्या, स्वतःच्या गाडीवरचं ते एक वाक्य मात्र ठेवलं.

बाकीचं सामान तो ठेचा खात खात शिकला. मी हौसेनं लोकरीचे हातमोजे विणून दिले, ते पाण्यात भिजून वाळायला दोन दिवस घेत. मग त्यानं आत सुती आणि वर रबरी असे दोन जोड घालायला सुरुवात केली. हात वर केला की गार पाणी ओघळत थेट बगलेपर्यंत जायचं, म्हणून जुन्या सॉक्सचे पंजे कापून ते मनगटावर चढवले. माझे हातमोजे गाडी चालवताना घालायचा. "स्टिअरिंगला थंडी वाजते," म्हणे! पण खरी अडचण पाण्याची होती. पहाटे आईच्या बंबातलं कढत पाणी प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरून तो निघायचा. पहिल्याच आठवड्यात, एका साड्यांच्या दुकानाच्या थंडगार काचेवर त्यानं ते तसंच्या तसं ओतलं... आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. "अरे भैया, ये क्या कर दिया!" दुकानदार ओरडला आणि त्याला हाकलून दिलं.

दुपारी घरी येऊन नाना जिन्यातच बसला. आबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "वर्दीला इस्त्री करायला सांगू?" मला तर वाटलं, संपलं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "काय रे, स्वतःच्या लेकीला न्हाऊ घालतोस, तेव्हा पाणी कसं बघतोस?" "कोपर घालून," तो म्हणाला. "मग काच काय दगडाची आहे? तिलाही कोपरानंच बघ." दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नानानं कोपर बुडवल्याशिवाय एकाही काचेला पाणी लावलं नाही. सिटी सेंटरच्या फुटपाथवर बाही वर करून ड्रममध्ये कोपर घालणारा माणूस बघून लोक हसायचे. हसू देत. काच पुन्हा तडकली नाही.

आता कोमट पाणी कोमट राहायला हवं होतं. गोणपाट गुंडाळून झालं, गोधडी झाली, तरी दुसऱ्या दुकानापर्यंत पाणी गार. अशात एका पहाटे गाडीच्या सीटवर आबांचा फौजी ओव्हरकोट घडी करून ठेवलेला दिसला. ट्रंकेतला, डांबरगोळ्यांच्या वासाचा, ज्याला आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती तो. आबा काही बोलले नव्हते, नानानंही विचारलं नाही. घालून शिडीवर चढला तर हातच वर होईनात, इतका जड. मग या शहाण्यानं काय करावं? कोट ड्रमाला घातला! मी ते पाहिलं तेव्हा म्हटलं, "नाना, आबांनी बघितलं तर तुला त्याच ड्रममध्ये बुडवतील." तो म्हणाला, "ताई, पण पाणी दुपारपर्यंत कोमट राहतं गं!"

संक्रांतीच्या सकाळी आबा स्वतः गल्लीत उतरले. अट पुरी झाली होती, एकही दिवस चुकला नव्हता. त्यांनी व्हॅनचं दार सरकवलं. आत त्यांचा कोट, पोटात ड्रम, बटणं वरची खाली आणि खालची वर. मी डोळेच मिटून घेतले. डोळे उघडले तर आबा वाकून एकेक बटण सोडत होते आणि पुन्हा नीट लावत होते. "फौजेचा कोट आहे. बटणं तरी सरळ लाव, गाढवा." मग कोटावर हात ठेवला. "गरम आहे," म्हणाले, आणि चक्क हसले. "हं. जा आता." त्यांनी पुन्हा त्या कामाबद्दल वाकडा शब्द काढला नाही. उलट दर हिवाळ्यात पहाटे खाली उतरून कोटाची बटणं तेच लावायचे. आई गेली, आबांची पाठ वाकली, बोटं थरथरू लागली, नाना ताटकळत उभा राहायचा, पण बटणांना हात लावायचा नाही. शेवटचं बटण लागलं की कोटावर थाप. "हं. जा आता." मग नाना निघायचा.

व्हॅन गेल्या आठवड्यात विकली. नानासारखंच काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसानं घेतली. शिडी, दांडे, वायपर सगळं त्याला दिलं. ड्रमही द्यायचा होता, पण आबांना कोट उतरवायला सांगितलं तर त्यांनी हात मागं घेतले. "लावायचं काम माझं," म्हणाले. "संध्याकाळी सोडायचं नानाचं." आमच्यापैकी कुणाचाही हात पुढं झाला नाही. नानाची लेक गार्गी म्हणाली, "आत्या, रहने दो ना, ड्रम आपल्याकडेच राहू दे." तसा तो कोटासकट व्हरांड्यात ठेवला.

परवा मी माधवगंजला मुक्कामाला होते. पहाटे बंबाचा धूर आला म्हणून उठले, तर रेखा ड्रममध्ये कढत पाणी ओतत होती. "उगाच, वन्सं," एवढंच म्हणाली. मी गार पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, बाही वर केली आणि कोपर बुडवून पाहिलं. बरोबर होतं. थोड्या वेळानं आबा काठी टेकत आले. बटणं सगळी नाना गेल्यापासून लागलेलीच होती, तरी वरपासून खालपर्यंत एकेक चाचपत गेले. शेवटच्या बटणानंतर कोटावर हात ठेवला आणि तिथंच ठेवून उभे राहिले.

"गरम आहे," म्हणाले. "हं."

जा आता, असं मात्र ते म्हणाले नाहीत.