बंद झालेल्या शाखेचा मॅनेजर

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळतात. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगचं ते एक मात्र डोक्यातून जात नाही.

जुन्या बँकेच्या इमारतीत कॅफेचं काम चालू होतं. बुजवलेली तिजोरीची खोली फोडताना पत्र्याची पेटी सापडली आणि दुसऱ्या दिवशी गायब झाली. साइटच्या सुपरवायझरने स्टेशनला फोन केला. पेटी शेवटची तिथे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या हातात दिसली होती.

इलेक्ट्रिशियन नाशिकचा, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकलेला. सिटिझनशिपचा अर्ज नुकताच गेलेला. माझ्या बिल्ल्यावरचं मराठी आडनाव वाचून म्हणाला, "सर, चोरीची केस लागली तर माझं सगळं संपेल."

"मग पेटी कुठे आहे ते सांग."

"ते नाही सांगू शकत."

मी त्याचे हक्क वाचून दाखवले, रेकॉर्डिंग सुरू केलं. पाऊण तास तो एवढंच म्हणत राहिला, "नो कॉमेंट." घाबरलेला माणूस सहसा जास्त बोलतो. गप्प बसणारा बहुधा दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत असतो.

सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये पेटीचा फोटो होता. झाकणावर बँकेच्या जुन्या मॅनेजरचं नाव. तेच आडनाव इलेक्ट्रिशियनच्या घरमालकिणीचं निघालं.

मी तिच्या घरी गेलो. बाई नव्वदीच्या. पेटी त्यांच्या टेबलावर होती, न उघडलेली.

"मीच त्याला गप्प राहायला सांगितलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने कायद्याने बँकांवर नियंत्रण आणलं होतं. माणसं सैन्यात आणि कारखान्यांत हवी होती, म्हणून शहरातल्या जवळजवळच्या शाखा बंद करून त्यांचं काम दुसऱ्या बँकांकडे दिलं गेलं. बाईंचे वडील मॅनेजर असलेली ही शाखा अशीच गेली. त्या हलवाहलवीत एका विधवेच्या घराची कागदपत्रं हरवली आणि लोकांनी मॅनेजरला चोर ठरवलं. बाईंच्या आईने लाजेने चर्चला जाणं सोडलं.

"ते मरेपर्यंत सांगत होते, सगळं सोपवताना सह्या घेतल्या होत्या, तो कागद तिजोरीच्या खोलीत राहिला."

"उघडू?"

"त्या विधवेची कागदपत्रंच आत असली तर?"

नव्हती. ग्राहकांनी बँकेत सांभाळायला ठेवलेल्या पाकिटांची यादी होती. विधवेच्या नावासमोर पाकीट ताब्यात घेणाऱ्या दुसऱ्या बँकेच्या अधिकाऱ्याची सही होती.

बाईंनी यादी दोनदा वाचली. "मीही त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता," त्या म्हणाल्या.

इमारतीच्या मालकाने तक्रार मागे घेतली, इलेक्ट्रिशियनला ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट मिळाला. कागदोपत्री प्रकरण चांगलं संपलं. त्यानंतर पुरावा नसताना कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तर मी फाइल लगेच बंद केली नाही. कधी उपयोग झाला. बऱ्याचदा नाही झाला.