ओलांडलेली बंदूक

सारी-कुंगेय गावात शार्शेनला दुसऱ्याचं काही पसंत पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. कुणाचा घोडा पाहिला की तो जिभेनं 'त्च' करायचा, कुणाचं नवं छप्पर पाहिलं की 'त्च', आणि कुणाची बंदूक पाहिली की त्या 'त्च'मागे थुंकायचाही. पण मेंढ्या त्याच्याइतक्या निगुतीनं राखणारा दुसरा कुणी नव्हता. अर्ध्या गावाच्या मेंढ्या त्याच्या कळपात असायच्या. दुभत्या गाईच्या लाथाही गोड म्हणतात, तसं गावानं त्याचं ते 'त्च' वर्षानुवर्षं गोड मानून घेतलं होतं.

त्याची स्वतःची बंदूक मात्र निराळी. सामुदायिक शेतीच्या काळात लांडग्यांसाठी मेंढपाळांना मिळालेली ती जुनी रायफल. बंदूक म्हणावी ती हीच, बाकीच्यांच्या नुसत्या काठ्या, असं तो सांगायचा. त्या साली पहिलं बर्फ पडलं आणि कळप हिवाळी गोठ्यावर आला, तेव्हा पहाटे एक मोठी लांडगी कुंपणाशी आली. शार्शेननं नेम धरला, बंदुकीचा घोडा ओढला. टक्. बोल्ट मागेपुढे करून पुन्हा ओढला. पुन्हा टक्. लांडगीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो आजवर लोकांच्या बंदुकांकडे पाहत आला होता, अगदी तस्संच. मग तिनं कळपापुढे चालणारा बोकड उचलला आणि सावकाश चढण चढून गेली.

काडतुसावर आदळणारी आतली टाचणी झिजली होती. तशी टाचणी घडवणारा लोहार कधीच रशियात कामाला निघून गेला होता. गावानं तोंडावर काही म्हटलं नाही. पण आणखी एक जनावर गेलं तर आपल्या मेंढ्या पलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाकडे द्यायच्या, असं मशिदीच्या पायरीवर बोलणं झालं, आणि ते संध्याकाळच्या आत शार्शेनच्या कानावर आलं. रक्त चाखलेली लांडगी परत येणार हे त्याला कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर सगळ्यांच्या बंदुकांना नावं ठेवणाऱ्यावर आता स्वतः बंदूक निवडायची वेळ आली होती, आणि ती कुठली निवडतो हे पाहायला गाव टपून बसलं होतं.

तो कुणाला न सांगता जिल्ह्याच्या बाजाराला गेला. दुकानात दाढी कोरलेला एक पोरगेला विक्रेता होता. त्यानं काळ्या प्लास्टिकच्या कुंद्याची, वर दुर्बीण बसवलेली रायफल पुढे ठेवली आणि ही किलोमीटरभरावरचा लांडगा पाडते म्हणाला.

"किलोमीटरभरावरचा लांडगा माझं काय खातो?" शार्शेननं विचारलं. "मला गोठ्याशी आलेला पाडायचाय. पहाटे या काचेवर वाफ धरेल. ती पुसेपर्यंत तो मेंढी खाऊन तोंड पुसत असेल."

मग विक्रेत्यानं स्वस्तातली एक दाखवली. शार्शेननं बोल्ट हलवून पाहिला, तो म्हातारीच्या दातासारखा हलत होता. त्यानं ती तशीच खाली ठेवली. चांगली होती ती अर्धा कळप विकल्याशिवाय येणार नव्हती, आणि कळपच विकला तर राखायचं काय? दारातून बाहेर पडताना त्यानं त्या दुकानाला, त्या दाढीला आणि एकूण नव्या जमान्याला मिळून एकच 'त्च' केलं.

घरी बायकोनं, कालिचानं, चहाचा वाडगा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "अहो, मुकाशची बंदूक आहे की."

"मुकाशची? ती ओलांडलेली?"

"तुम्ही मानता होय असलं काही?"

शार्शेननं वाडगा तोंडाला लावला.

मुकाशच्या बंदुकीची गोष्ट गावातल्या पोरासोरांना पाठ होती. नवं लग्न झालं त्या साली मुकाशनं अगदी जवळून एक रानबकरा चुकवला. त्याच्या आईनं तिथल्या तिथे निवाडा दिला, की नव्या सुनेनं रजया पसरताना बंदूक ओलांडली. बाईमाणसानं ओलांडलेली बंदूक बाधते. दगडावर मारली तर लागेल, पण रक्ताला चुकते. तेव्हापासून बाधा उतरावी म्हणून दर वसंतात मुकाश तिला अर्च्याच्या, त्या सुवासिक डोंगरी झाडाच्या, फांदीचा धूर द्यायचा आणि दर शिकारीला चुकायचा. सासू गेली, मुलं मोठी झाली, पण मुकाशचा प्रत्येक हुकलेला बार त्याच्या बायकोच्या, बातमाच्या, पायावरच जमा होत राहिला.

शार्शेन एकदा मुकाशबरोबर शिकारीला गेला होता. घोडा ओढायच्या आधी मुकाश दोन्ही डोळे गच्च मिटतो आणि बंदूक भाजणार असल्यासारखी मान बाजूला करतो, हे त्यानं तेव्हाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मुकाशच्या घरी गेला. मुकाशनं बंदूक आणून खोलीच्या मध्ये अंथरलेल्या लोकरीच्या नमद्यावर ठेवली. बातमा चुलीपाशी होती. चहा द्यायला ती सरळ आली नाही. भिंतीला चिकटून, पूर्ण खोलीला वळसा घालून आली आणि तशीच परत गेली. शार्शेनची नजर खाली गेली. नमद्याची नक्षी मधे अजून लालभडक होती. भिंतीलगत मात्र पाऊलवाट पडावी तशी ती झिजून गेली होती.

त्यानं बंदूक उचलली. बोल्ट काढून नळीतून आभाळ पाहिलं. आतले पेच शेवटपर्यंत स्वच्छ होते. काडतुसाचं टोक नळीच्या तोंडात घालून पाहिलं, ते जिथे अडायला हवं तिथेच अडलं, म्हणजे तोंड झिजलेलं नव्हतं. टाचणी नवी असावी तशी. बोल्ट लोण्यातल्या सुरीसारखा सरकला. शिकार साधत नसली तरी तेल घालण्यात मुकाशनं कधी कसूर केली नव्हती. शार्शेननं खोट काढायला बराच वेळ लावला. शेवटी म्हणाला, "कुंद्याला धुराचा वास येतो."

एका मेंढीवर सौदा ठरला. मुकाशच्या तोंडावरचा आनंद लपेना. तरी भला माणूस म्हणून त्यानं बजावलं, "शार्शेनआके, मागाहून बोल लावू नका हं. हिनं ओलांडलेली आहे ती. मी काही लपवून विकत नाही."

चुलीपाशी वाडगे विसळायचा आवाज थांबला.

शार्शेननं बंदूक पुन्हा नमद्यावर आडवी ठेवली. "मुकाश, कागद ठाण्यातून यायचे तेव्हा येतील. आपल्यात ही माझी झाली ना?"

"झाली की."

"मग, सूनबाई, इकडे ये. ओलांड."

बातमा जागची हलली नाही. "आके, माझी थट्टा करू नका."

"थट्टा तुझी नाही करत, तुझ्या नवऱ्याची करतोय. न ओलांडता इतकी वर्षं ऐकून घेतलंस. आता एकदा ओलांड आणि मग ऐक."

मुकाश उठून उभा राहिला. "आके, मी परत घेणार नाही, आत्ताच सांगतो."

"तुला परत दिली तर तो बंदुकीचा अपमान होईल," शार्शेन म्हणाला. "तुझे दोन डोळे मिटतात, मुकाश. घोडा ओढताना तू दोन्ही डोळे मिटतोस. डोळ्यांचं पाप पायांवर घालतोस, त्च."

बातमानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. झग्याचा घोळ जरासा उचलला आणि विहिरीचा काठ ओलांडावा तशी हळूच ती बंदूक ओलांडली. पलीकडे गेल्यावर आता पाय कुठे ठेवावा हे तिला क्षणभर कळेना.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शार्शेननं बाधलेली बंदूक घेतली, वर आणखी ओलांडवून घेतली. त्यानं टेकाडावरच्या दगडावर बार टाकला, टवका उडाला. मशिदीच्या पायरीवरचे म्हातारे म्हणाले, दगड काय, दगडाला रक्त असतं का? कुणी खवचटपणे शिकाऱ्याला द्यायचा तो आशीर्वादही तोंडभर दिला, की तुझ्या खोगिराच्या वाद्या रक्तानं माखोत.

शार्शेननं त्या सगळ्यांना थुंकून मोकळं केलं. पण गोठ्यावर पोचल्यावर त्याला चैन पडेना. मेंढ्या आपल्या एकट्याच्या नव्हत्या. आपला मुळी विश्वासच नाही, पण आपल्या आजोबांचा होता, आणि आजोबा काही मूर्ख नव्हते. त्यानं कुंपणापलीकडून अर्च्याची एक फांदी मोडून आणली, चुलीशी बसून तिचं टोक विस्तवावर धरलं.

"धूर कशाला?" कालिचानं विचारलं.

"डास."

"बर्फात?"

त्याला स्वतःचीच किळस आली. एकदा धूर दिला की लांडगी पडली तरी मुकाश म्हणणार, धुरानं पडली. आणि बातमाला आयुष्यभर त्या भिंतीलगतच्या वाटेनं जावं लागणार. त्यानं फांदी दाराबाहेर फेकली. त्या दिवशी चहात कालिचानं लोण्याचा गोळा जरा मोठा टाकला.

लांडगी आली ती दिवस वर आल्यावर, लपतछपत नव्हे, सरळ. टक् करणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. शार्शेननं गुडघा टेकला, नळीच्या टोकावरची माशी तिच्या खांद्यावर आणली. आणि नेमका तेव्हा, त्याला नको असताना, झग्याचा घोळ उचलून नमद्यावरून पलीकडे जाणारा एक पाय डोळ्यांपुढे आला. बोट घोड्यावर थिजलं. शार्शेननं आयुष्यात कुणाचा केला नव्हता इतका तिरस्कार त्या क्षणी स्वतःच्या बोटाचा केला. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यानं घोडा ओढला.

लांडगी जिथल्या तिथे बसली, जणू दमली होती. पुन्हा उठली नाही.

खोगिरामागे लांडगी बांधून तो गावात आला तो थेट मुकाशच्या अंगणात. बातमा झऱ्यावरून बादल्या घेऊन येत होती. शिकारी परत येताना समोर पहिला भेटेल त्यानं 'शिराल्गा' म्हणायचं आणि शिकाऱ्यानं आपला वाटा त्याच्या हाती ठेवायचा, ही तिथली रीत. इतर बायकांनी हा शब्द शंभरदा उच्चारला असेल. बातमाच्या घरी कधी काही आलंच नव्हतं. तिनं आधी वाद्यांकडे पाहिलं, मग बंदुकीकडे, आणि बादल्या खाली ठेवल्या.

"शिराल्गा," ती म्हणाली, इतकं हळू की घोड्याच्या फुरफुरण्यात ते जवळजवळ हरवलं.

"कातडं तुझं," शार्शेन म्हणाला.

तो अंगणातच लांडगी सोलायला बसला. मुकाश दारात आला आणि म्हणाला, "वसंतात मी दिलेला धूर चांगला मुरला होता म्हणायचा."

शार्शेननं मान वर केली. 'त्च' करण्याइतकाही हा माणूस त्याला लायक वाटला नाही. "सूनबाई, पाणी आण," एवढंच तो म्हणाला.

बंदूक त्याच्याजवळ, बर्फ झाडलेल्या जमिनीवर पोत्यावर आडवी होती. बातमा तांब्या घेऊन निघाली आणि नेहमीसारखी भिंतीच्या कडेनं वळसा घालून आली.

"अजून?" शार्शेन कडवटपणे म्हणाला. "हे सगळं पाहूनही?"

"बूट ओले आहेत, आके," बातमा त्याच्या हातावर पाणी घालत म्हणाली. "चांगली बंदूक आहे. उगीच भिजायची."