उलटी तार

आज लेकीचं थर्माकोलचं घर चिकटवताना ग्लूगनचा गरम वास आला आणि मी साताऱ्याबाहेरच्या ऊस तुटलेल्या रानात जाऊन उभा राहिलो.

कारखान्यातला माझा जोडीदार संपत आणि मी, दोघांकडे तेव्हा ग्लूगननेच चिकटवलेली, रिमोटची सारखीच स्वस्त फोमची विमानं होती. मग त्याने ताकदीची नवी मोटर बसवली. आता त्याचं घारीएवढं वर जाणार, या विचाराने आठवडाभर मला जेवण गेलं नव्हतं.

रानात तो मोटरचा आवाज ऐकण्यात दंग होता. रिमोटची काडी डावीकडे केली की शेपटी उजवीकडे वळत होती. शेपटीची तार उलटी बसली होती. मी पाहिलं, बोललो नाही.

तेवढ्यात त्याने रिमोट माझ्याच हातात दिला. "गड्या, पयलं तूच उडव. तुझा हात माझ्यापरीस बसलाय."

आता बोललो तर आधीच पाहिलं होतं हे उघडं पडेल, म्हणून उडवलं. विमान गर्रकन फिरून बांधावर आपटलं.

संपतने तुकडे गोळा केले. "माझीच तार उलटी हाय रं. तुला काय ठावं."

पुढे मी त्याच्याहून भारी मोटर घेतली. पण "पयलं तूच उडव" असं मी अजून कुणालाच म्हटलेलं नाही.