करंगळीवरचा घट्टा

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आलोय. आमच्या घरात अंगारा नाही, धागा नाही, नजर उतरवणं नाही. बाबा नांदेडला एका शाळेत शिपाई होते. कुणी भुताखेताची गोष्ट सुरू केली की त्यांचा एकच प्रश्न असायचा — "तू स्वतः पाहिलंस, का कुणी सांगितलं?" तो प्रश्न मी पुढे पोटापाण्याला लावला.

सतरा वर्षं मी हैदराबादेत एका विमा कंपनीत अपघाताचे क्लेम तपासतोय. माणूस खरंच पडला का, हात खरंच मोडला का, मोडला असेल तर तो प्लास्टर मिरवत गुपचूप कामाला तर जात नाही ना... माझी नोकरीच संशयाची. माझ्या टेबलासमोर भूत येऊन उभं राहिलं असतं तर मी त्याच्याकडेही पत्त्याचा पुरावा मागितला असता.

नव्याने भरती झालेल्यांना मी एक केस नेहमी सांगायचो. याकूतपुऱ्याचे यूसुफमियाँ, लाकडी चौकटीवर कापड ताणून जरीकाम करणारे कारागीर. शिडीवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. क्लेम अगदी स्वच्छ दिसत होता. पण मी त्यांच्या घरी गेलो, प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं उलटी करून पाहिली, तर एकाच्या टोकावर सुईच्या ताज्या टोचण्या. मी फोटो काढला. ते म्हणाले, "साहब, सुई कू हात नई लगाया मैं. और ये उँगली तो काम में आती इच नई." मी 'जबाबात विसंगती' असं लिहिलं आणि क्लेम नामंजूर केला. ही गोष्ट सांगताना मी जरा मिशीत हसायचो, तेही कबूल करतो.

आता माझ्या हाताबद्दल. आम्ही नल्लकुंट्यात राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी आणि बायको सुजाता, ती नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. मला व्यसन एकच, गिटार. जयंतीच्या कार्यक्रमात विहाराच्या गाणेवाल्यांमागे मीच असतो, बावीस वर्षं झाली. विद्यानगरच्या वळणावर वाळूवरून स्कूटर घसरली आणि मी डाव्या तळहातावर पडलो. अंगठ्याच्या मुळाशी एक लहानसं हाड असतं, ते तडकलं. डॉक्टर म्हणाले, "या हाडाला रक्त कमी मिळतं. हललं की जुळत नाही. आठ आठवडे प्लास्टर. नाही ऐकलंत तर स्क्रू घालावा लागेल, आणि मग मनगट गिटारच्या दांड्याभोवती वळेलच याची हमी मी देणार नाही."

ज्याने कधी वाजवलं नाही त्याला हे वाक्य कसं ऐकू येतं मला माहीत नाही. मी बाहेर येऊन हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो आणि रडलो. सुजाताने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

आणि तरीही दुसऱ्याच आठवड्यात मी लबाडी केली. बोटं मोकळी होती, फक्त अंगठा आणि मनगट प्लास्टरमध्ये. सुजाता शाळेत गेली होती. म्हटलं, नुसते दोन कॉर्ड धरून बघू... दहा मिनिटं वाजवलं असेल. गिटार होती तशी पेटीत ठेवली, पण तारा छेडायचं पिक पलंगावरच राहिलं. जगाच्या चुका पकडणाऱ्याची अक्कल बघा.

ते पिक बघून सुजाता चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पेटी उचलली, रिक्षा केली आणि दोघांनी जाऊन ती दिलसुखनगरला जहीरभाईंच्या दुकानात ठेवली. जहीरभाई वाद्यं दुरुस्त करतात, माझे जुने दोस्त. त्यांनी जुन्या तारा काढून नव्या घातल्या आणि पार ढिल्या सोडल्या. "ऐसेच रहने देव, मियाँ, गर्दन पे ज़ोर नक्को," म्हणाले. मी माझा बाणा दाखवायला पेटीच्या कडीवर कागदाची पट्टी चिकटवली आणि मी, सुजाता दोघांनी सह्या केल्या. निम्मी सही कागदावर, निम्मी पेटीच्या कापडावर. आमची कंपनी गोदामं अशीच सील करते. "आता जयंतीपर्यंत तारेला हात लावणार नाही, शपथ," मी म्हणालो.

"शपथ-बिपथ नको," सुजाता म्हणाली. "नुसतं लावू नका."

आणि मी लावला नाही. या पुढचं जे काही वाचाल त्यात एवढं धरून चाला... निदान प्रयत्न करा.

पाचव्या आठवड्यात लावण्या मॅडमकडे गेलो. बोटं आखडू नयेत म्हणून डॉक्टरांनी व्यायामाला त्यांच्याकडे पाठवलं होतं. सुजाता सोबत होती. लावण्या मॅडमनी माझी बोटं हातात घेतली आणि एकदम थांबल्या. टोकं दाबून पाहिली. मग स्वतःचं पहिलं बोट माझ्यासमोर धरलं. टोकावर पुसटशी रेघ होती. "सर, मैंने दस साल वीणा बजाया है. ये मैं पहचानती हूँ. आप रोज बजा रहे हैं. दो घंटा, कम से कम."

मी बोटं पाहिली. बाबांच्या आजारपणात महिनाभर गिटार सुटली होती, तेव्हा टोकांचे घट्टे कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघून गेले होते. आता तसंच व्हायला हवं होतं. त्याऐवजी चारही टोकं टणक, आणि प्रत्येकावर तारेची बारीक खाच. सगळ्यात जाड घट्टा करंगळीवर होता. वाजवताना माझी करंगळी कधी कामाला येत नाही. बावीस वर्षं ती बाजूला उभी राहून तमाशा बघते.

"मी नाही वाजवलं," मी म्हणालो.

"अबद्धम् चेप्पकंडी, सर." खोटं बोलू नका... इतकं तेलुगू मला येतं.

 रिक्षात, बर्कतपुरा मागे पडल्यावर, सुजाता म्हणाली, "गिटार कुणाची आहे? ऑफिसात ठेवलीय का?"

"सुजाता, मी खरं सांगतोय."

"सगळे असंच म्हणतात, हे तुम्हीच सांगता ना."

मला भांडणापेक्षा हाडाची भीती मोठी होती. बोटं वाजत असतील तर मनगट हलत असणार. मनगट हलत असेल तर हाड जुळणार नाही. मग मी माझ्याच हाताचा क्लेम तपासायला घेतला. पहिला संशय झोपेचा. वेदनेच्या गोळ्यांनी माणूस झोपेत काहीबाही करतो म्हणतात. पण घरात गिटारच नाही. शेजाऱ्यांकडे? वर म्हातारं जोडपं, खाली टायपिंगचा क्लास. तरी जाऊन विचारून आलो, वेड्यासारखा. शेवटी सुजातालाच म्हटलं, माझ्या बोटांना पिशवी बांध. तिने जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवली, प्लास्टरवर चढवली, भोवती टेप गुंडाळली आणि टेपवर लाल शाईने सही केली. चार दिवस मी तसा ऑफिसला गेलो. लोक विचारायचे, आत काय, लाडू?

चौथ्या दिवशी लावण्या मॅडमसमोर सुजाताने स्वतः टेप कापली. खाचा ताज्या होत्या. करंगळीच्या टोकाची कातडी नुकतीच तारेवरून उचलल्यासारखी लाल होती. लावण्या मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "सर, आप प्लीज दूसरे फिजिओ को दिखाइए." त्यांच्या आवाजात राग जास्त होता की दुसरं काही, मला कळलं नाही.

मी सुजाताकडे बघितलं. सही तिची, टेप तिची. ती म्हणाली, "हेअर ड्रायरने गरम केली की टेप सही न फाटता निघते. तुम्हीच शिकवलं होतं." मग डोळे पुसून म्हणाली, "हात कायमचा गेला तर मला दोष देऊ नका. मी दमले आता."

त्या संध्याकाळी मी करंगळी बघत बसलो होतो आणि यूसुफमियाँचं वाक्य कानात आलं. ये उँगली तो काम में आती इच नई.

दुसऱ्या दिवशी जुनी फाइल काढली. फोटोत टोचण्या अनामिकेवर होत्या. दुपारी याकूतपुऱ्याला गेलो. आधी चौकातल्या एका कारागिराला विचारलं, जरीकामात अनामिकेला सुई टोचते का. तो हसला. "उससे तो हम चाय का कप पकड़ते, साहब."

यूसुफमियाँ घरीच होते. क्लेम गेल्यावर त्यांनी प्लास्टर लवकर काढून काम धरलं होतं आणि हाड वाकडं जुळलं होतं. मूठ वळत नव्हती. आता ते चौकटीवर बसत नाहीत, कापडावर फक्त नक्षी आखून देतात. मला बघून ते उठले नाहीत, रागावलेही नाहीत. "अब कायकू आए, साहब?"

 मी डावा हात पुढे केला. त्यांनी बोटं पाहिली, करंगळीचं टोक अंगठ्याने चाचपलं. मी म्हणालो की मी गिटार वाजवतो, पण हे बोट वाजवत नाही, आणि पेटी सील केल्यापासून तारेला हातच लावलेला नाही. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"घर में किसी ने यकीन किया?"

"नई."

"मेरी बीवी भी नई की," ते म्हणाले आणि चटईवर सरकून त्यांनी मला जागा करून दिली. आम्ही चहा प्यायलो. काय झालं, कसं झालं, यावर दोघंही बोललो नाही. घरी येताना मला इतकी लाज वाटत होती की मी दोन स्टॉप आधी उतरून चालत आलो.

आठव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. एक्स-रे बघून डॉक्टर खूश. हाड सुरेख जुळलं होतं. "इतकी पूर्ण विश्रांती फार कमी पेशंट घेतात," ते म्हणाले. सुजाताने माझ्याकडे बघितलं. 

ऑफिसात मी यूसुफमियाँची फाइल पुन्हा उघडायचा अर्ज लिहिला. 'माझी तपासणी चुकीची होती' असं लिहून सही केली. साहेबांनी विचारलं, "नवा पुरावा काय?" मी म्हटलं, "टोचण्या ज्या बोटावर होत्या त्याने ते काम करत नाहीत, हे मी तेव्हा पडताळलंच नाही." टोचण्या आल्या कुठून, याचा रकाना मी रिकामा ठेवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्यावर चौकशी बसलीय माझी, चालू आहे.

अर्जाची प्रत घरी टेबलावर पडली होती. सुजाताने ती वाचली.  रविवारी सकाळी एकटीच दिलसुखनगरला गेली आणि पेटी घेऊन आली. पट्टी जशीच्या तशी होती. तिने आपली सही आधी डोळ्यांनी तपासली, मग नखाने, कागद आणि कापड दोन्हीकडे. मग कात्रीने कापली. जहीरभाईंनी सोडल्या तशाच तारा ढिल्या होत्या, आणि काळ्या पडल्या होत्या. हवेने काळ्या पडतात, मान्य. पण मग पूर्ण तार काळी पडली असती. या फक्त दांड्याच्या वरच्या चार घरांत काळ्या होत्या, जिथे बोटं पडतात तिथे, बाकी कोऱ्या करकरीत. तार उचलून पाहिली तर खालच्या बाजूला पितळी पट्ट्यांचे खळगे पडले होते. दोन महिने रोज वाजवल्यावर पडतात तसे.

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. डॉक्टरांना, जहीरभाईंना विचारलं, त्यांच्याकडेही नाही. बाबा असते तर त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला असता, आणि मला 'स्वतः पाहिलं' म्हणावं लागलं असतं.

सुजाताने तारेवरून बोट फिरवलं. बोटाला काळा डाग लागला. ती तो डाग बघत उभी राहिली. मग माझा डावा हात घेऊन करंगळीचं टोक चाचपलं, अगदी यूसुफमियाँनी चाचपलं होतं तसं.

"सही माझीच आहे," ती हळू म्हणाली. "आता हे मी कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल माझ्यावर?"

मी पलंगावर सरकलो आणि तिला बसायला जागा करून दिली.