गोठ्यातला फोन

उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला शेतकरी आमच्या आयसीयूत आला. छाती चेपलेली, खोकल्यात जोर नाही. व्हेंटिलेटर लवकर सुटणार नाही, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी लागेल, हे मी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. त्याच्या बायकोला सांगितलं, नळी असेतो आवाज निघणार नाही.

"मग म्हैस कशी पान्हवायची, डॉक्टर? ती त्यांच्याच आवाजाला नीट दूध देती."

असल्या वेळी हिला म्हैस सुचते! मला रागच आला.

नळी काढल्यावर तिने गोठ्यातल्या दिराला फोन लावून नवऱ्याच्या तोंडाशी धरला. गळ्यावरची पट्टी बोटाने दाबत तो घोगरं बोलला, "ये गं बाय."

पलीकडून दीर ओरडला, "वहिनी, सोडला पान्हा!"

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तिथंच फरशीवर बसून रडली.