वालाच्या वेलावरचा मावा

लग्न होऊन मी सौंसरला आले, तेव्हापासून माझे बाबा दर बाजाराच्या दिवशी मला भेटायला यायचे आणि दर वेळी कोरडे परत जायचे. कोरडे म्हणजे अगदी ठणठणीत कोरडे, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरच्या अन्नपाण्याला बापाने शिवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. आणि मला मूल व्हायचं काही चिन्ह दिसत नव्हतं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. बाबा बसस्टँडवर चहा पिऊन, मिशा पुसून यायचे, ओट्यावर टेकायचे, पिशवीतली संत्री माझ्यापुढे ओतायचे, "बरी आहे ना वं तू?" एवढं विचारायचे आणि लोधीखेड्याकडची बस निघून जाईल म्हणून उठायचे. आत चुलीवर भाकर फुगत असायची. तिचा वास ओट्यापर्यंत जायचा. बाबा भुकेले आहेत हे मला त्यांच्या तोंडावरून कळायचं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळायचं.

ही रीत ज्याने काढली त्याला एकदा माझ्या हातचा ठेचा खाऊ घालावा, तोही पाण्याशिवाय, असं मला फार वाटायचं. मला मूल व्हावं म्हणून देवाला साकडं घालणाऱ्या बायका गल्लीत पुष्कळ होत्या, ते खातं मी त्यांच्याकडेच सोपवलं होतं. माझं मागणं एवढंच होतं की बाबांनी एकदा माझ्या घरी, माझ्या हातची भाकर खावी.

भाजीपाल्याचं खूळ त्यातूनच निघालं. ओट्यावर दहा मिनिटं कसेबसे टेकणारे बाबा एकदा आमच्या घरामागच्या सांदवाडीत गेले. तिथे खरकट्याच्या पाण्यावर कोहळ्याचा एक वेल आपोआप उगवला होता. बाबांनी त्याचं पान उलटून पाहिलं, शेंडा पाहिला, मग धोतर वर खोचून त्याला आळं करायला बसले. एक बस गेली. दुसरी गेली. संध्याकाळची शेवटची बस त्यांनी धावत जाऊन पकडली. मी मनाशी म्हटलं, सापडलं! ओट्यावर न थांबणारा बाप मातीजवळ थांबतो.

दुसऱ्याच दिवशी मी कुदळ घेतली. सांदवाडी म्हणजे छपरावरून पडलेल्या कवेलूंचे तुकडे, विटांचा चुरा आणि कोणत्या काळातल्या कोण जाणे, बांगड्यांच्या काचा. माती शोधावी लागत होती. सासूबाई मागच्या दारात उभ्या राहून बघायच्या. "विहीर खोदून राहिली का वं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वांगे लावतो, आई." "वांगे बाजारात मिळत नाही का?" मी कुदळ मारत राहिले. खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं आणि खोटं देण्याइतका दम उरला नव्हता. माझ्या नवऱ्याने, शाळेत शिकवून आल्यावर, खड्डा बघून "छान" म्हटलं आणि पेपर उघडला.

त्या वर्षी पावसाने उच्छाद मांडला. जायचं नावच घेईना. वांग्याची रोपं मुळाशी सडून एकेक करून आडवी झाली. कोथिंबिरीचा चिखल झाला. पालकाच्या पानांची अळ्यांनी चाळणी केली. जे अळ्यांनी सोडलं ते शेजारच्या कोंबड्यांनी उकरलं आणि जे कोंबड्यांनी सोडलं ते एका बोकडाने खाल्लं. त्या बोकडाला मी गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं, डोक्यावरचा पदर पार कमरेला खोचून. घरची सून अशी धावताना आमच्या गल्लीने तोवर पाहिली नव्हती. दोडक्याच्या वेलाला तर फुलंच फुलं, फळ एकही नाही. शेजारणी आधी दोडक्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

वाल तेवढा तगला. त्याने हट्टच धरला असावा. दिवाळी होईपर्यंत त्याने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव झाकून टाकला आणि जांभळे तुरे काढले. बाबा बाजाराच्या दिवशी आता थेट मागे यायचे, वालाशी बोलायचे, पाऊण तास थांबायचे. पाणी मात्र नाहीच.

आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे गॅस आला. ऐंशीच्या दशकात नंबर लावून गॅसची वाट बघत वर्षं जायची. आमच्या गल्लीत तो पहिल्यांदा आमच्या घरी आला. सासूबाईंनी आजूबाजूच्या सगळ्या बायकांना बोलावलं, ओट्यावर शेगडी मांडली, कान पिळला की जाळ कसा येतो ते दाखवलं, प्रत्येकीला एकदा कान पिळू दिला आणि वर चहा पाजला. दुसऱ्या दिवशी चूल फोडून टाकली. "गेली आता राख," म्हणत त्यांनी हात झटकले.

मार्गशीर्षात आभाळ आलं. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं कोंदट, करडं आभाळ दिवसच्या दिवस. वालाला मावा पडला, रस शोषणारी बारीक कीड. कोवळ्या शेंड्यांवर, तुऱ्यांवर, शेंगांच्या देठांवर काळ्या मोहरीचा थर बसावा तसा. हात लावला की बोटं चिकट. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. माव्यावर उपाय काय, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळच्या दवात चुलीची राख धुरळायची. मी राखेसाठी घरात वळले आणि चुलीच्या जागी धुऊन-पुसून लख्ख केलेली जमीन पाहून उभीच राहिले.

मग काय करता? ज्या बायकांना गॅसचा कान पिळून दाखवला होता त्यांच्याच दारात मी घमेलं घेऊन राख मागायला गेले. "का वं, गॅसले राख नाही पडत का?" पहिलीने विचारलं. दुसरी म्हणाली, "आमच्या गरिबाच्या चुलीची राख चालते का तुमाले?" आणि हसून हसून भिंतीला टेकली. तिसरीने मूठभर दिली, तीही भांडी घासायला ठेवलेल्यातली, जिवावर आल्यासारखी. एवढी राख वेलाच्या एका फांदीलाही पुरली नाही. नवऱ्याने दुकानातून मुंग्यांवर टाकायची पांढरी पावडर आणली. सासूबाईंनी डबा हुंगला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो डबा घेऊन तसाच परत गेला.

बाजाराच्या दिवशी बाबा आले, वेल पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. शेंडे चाचपत म्हणाले, "हे काय होऊन राहिलं वं?" मी गॅसची सगळी कहाणी सांगितली. त्यांनी ती न हसता ऐकून घेतली, एवढंच म्हणाले, "येतो मी," आणि निघाले. त्या दिवशी ते दहा मिनिटंही थांबले नाहीत. संध्याकाळभर माझी चिडचिड चालली होती. वेल गेला की बाबांचं थांबणंही गेलं, हे मला कोणाला सांगता येत नव्हतं.

पुढच्या बाजाराला ते पहिल्या बसने आले. अजून नीट उजाडलंही नव्हतं. खांद्यावर पोतं. लोकांचे बाप मुलीकडे लुगडं आणतात, लाडू आणतात, माझ्या बापाने पोतंभर राख आणली. कंडक्टरने बसमध्ये घ्यायला कां-कूं केलं तेव्हा त्याला "पोरीच्या घरी आहेर नेऊन राहिलो" असं सांगितलं म्हणे. पोत्याला भोक होतं. बसस्टँडपासून आमच्या दारापर्यंत राखेची बारीक रेघ उमटली होती आणि बाबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या.

सदरा काढून त्यांनी खुंटीला टांगला आणि कामाला लागले. आधी माव्याने भरलेले शेंडे खुडून खड्ड्यात पुरले. दव होतं तोवर पानापानावर राख धुरळली, पानाच्या पाठीवरही. मग मांडवाच्या सैल झालेल्या पऱ्हाट्या आवळून बांधल्या. मग वांग्याचा रिकामा वाफा खोदला. मी हाताखाली होते. लहानपणी त्यांच्यामागे वावरात हिंडायचे तशी. त्या सकाळी मी इतकी खुशीत होते की बोकड आला असता तरी त्याला एक पान दिलं असतं.

दुपार झाली. चुकलेल्या बसेस मोजायचं आम्ही दोघांनीही टाळलं. मी घरात गेले. खुडलेल्या वेलावरच्या चांगल्या शेंगा आणि बाजारातली वांगी घालून भाजी शिजत होती. सासूबाई खिडकीतून मागे बघत उभ्या होत्या. न वळताच म्हणाल्या, "माझा बाप असाच ये-जा करत राहिला. मले पोरगं झालं तेव्हा तो नव्हता राहिला." एवढ्या वर्षांत त्यांनी हे मला कधीच सांगितलं नव्हतं. "दोन भाकरी जास्त टाक," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून मागच्या दारात गेल्या.

"भाऊ," त्यांनी हाक मारली, "एक विचारतो. सकाळपासून कामावर असलेल्या माणसाले दुपारची भाकर द्यायची, का नाही द्यायची?"

बाबांनी फावड्यावर हात टेकले. शेतीचा प्रश्न विचारला की ते गंभीरपणे उत्तर द्यायचे. "द्याच लागते, ईनबाई. उपाशी ठेवलं तर उद्या कोण येईन कामावर?"

"मंग बसा."

बाबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग ते हसले, मग गडबडले. "मी काय मजूर आहो का? पोरीच्या घरचं मी कसं..."

"पाहुणे असते तं ओट्यावर बसले असते. तुमी तं सकाळपासून माझ्या वाफ्यात राबून राहिले. अन् घरात कोण बोलावून राहिलं तुमाले? घराची पायरी चढू नका. वावरातली भाकर आहे, वावरातच खा. मजुराले उपाशी पाठवलं तर गाव मले नाव ठेवन."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. वर बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांतलं सगळं त्यांना वाचता आलं असतं, आणि माझ्या डोळ्यांतल्या पाण्याची दया येऊन त्यांनी जेवायला बसावं, हे मला नको होतं. बाबांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग हातपाय धुवायला बादलीपाशी गेले.

वाफ्याच्या कडेला पोतं अंथरून ते बसले. मी ताट नेलं. ज्वारीच्या भाकरी, वांगे-वालाची भाजी, ठेचा, कांदा. त्यांनी भाकर मोडली, पहिला घास घेतला, चावला.

"मीठ जास्त झालं," ते म्हणाले.

माहेरी मी केलेल्या प्रत्येक भाजीला ते काही ना काही नाव ठेवायचेच. तिखट कमी, तेल जास्त, कांदा कच्चा. इतक्या वर्षांत हे मी विसरूनच गेले होते. "मग ठेवा तसंच," मी रागाने म्हटलं आणि मला हसू आणि हुंदका एकदमच आला.

"कामावरच्या माणसाले असं बोलत नाहीत," बाबा म्हणाले आणि तिसरी भाकर मागितली. सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं. तेही त्यांनी घटाघटा पिऊन टाकलं.

त्यानंतर आठवडाभर मी हवेत होते. पण बाजाराचा दिवस जवळ येऊ लागला तशी माझी झोप उडाली. आभाळ निवळलं, लख्ख ऊन पडलं, कडाक्याची थंडी सुटली. लाल पाठीचे ठिपकेवाले किडे कुठूनसे आले आणि उरलासुरला मावा फस्त करू लागले. वेल तजेलदार झाला. वाफे खोदून झाले होते, मांडव पक्का होता. आता बाबांना कामाला काय द्यायचं? भाजी वाचावी म्हणून ज्या बाईने गल्लीभर राखेची भीक मागितली होती, तीच आता एकेक पान उलटून मावा शोधत होती. एका टोकाला एका शेंड्यावर थोडासा सापडला. मी त्याला जपलं. लाल किडे आले की हळूच उचलून दुसरीकडे ठेवायची. सासूबाई राख घेऊन आल्या, तर मी म्हटलं, "राहू द्या आई, तो शेंडा बाबांचा आहे." त्यांनी राख परत नेली.

बाबा आले ते पहिल्या बसने. सदरा खुंटीला. वेलाभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. पानं उलटली, देठ चाचपले. काही नाही. शेवटी तो एकटा शेंडा सापडला. तो त्यांनी खुडला, बोटांत धरून बराच वेळ बघितला. एवढंच काम होतं, आणि ते संपलं होतं. मी मागच्या दाराला धरून उभी होते.

मग त्यांनी फावडं उचललं. "वाफा लय कडक झाला बाप्पा," स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "खोदा लागते," आणि जो वाफा त्यांनी गेल्याच आठवड्यात खोदला होता आणि जो अजून तसाच भुसभुशीत होता, तोच परत खोदायला घेतला. चारदा फावडं मारून झाल्यावर, मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "भाकरी किती वाजता टाकतं वं तू?"