बंद शेडमधून आलेलं उत्तर

अशा सदरांमधले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि बहुतेकांवर हसते, हे आधीच सांगून टाकते. "मागे वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं..." अहो, मग आधी डोळे तपासून घ्या! माझा धंदाच असा, की प्रत्येक बिघाडाला कारण असतं. सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नसतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण किसनमामा नावाचे एक कारागीर त्या दिवशी वाचले ते या प्रकारामुळे, आणि प्रकार नेमका काय होता ते मला आजही सांगता येत नाही.

२००४ च्या आसपासची गोष्ट. मी नाशिकमधल्या लहान कारखान्यांना कॉम्प्युटर नेटवर्क बसवून द्यायचे. सातपूरला अण्णांचं वर्कशॉप होतं. पुढे ऑफिस, मध्ये अंगण, मागे मशिनांची शेड. शेडमध्ये एकच कॉम्प्युटर, ऑफिसमधून येणारी ड्रॉइंग्ज घ्यायला. ऑफिस आणि शेड यांच्यामध्ये मी एक जुना कॉम्प्युटर राउटर म्हणून बसवला होता. त्यात दोन नेटवर्क कार्डं — एक ऑफिसच्या बाजूचं, दुसऱ्यातून निघालेली केबल थेट शेडमधल्या कॉम्प्युटरला. इकडचं तिकडे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. अण्णा त्याला पोस्टमन म्हणायचे.

हा पोस्टमन मधूनच रुसायचा. शेडच्या बाजूचं कार्ड गप्प व्हायचं, आणि केबल काढून परत लावली की काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागायचं. मी कार्ड बदललं, केबल बदलली, सेटिंग्ज पुन्हा पुन्हा तपासली. अण्णा टोमणा मारायचेच, "ताई, तुम्ही दुरुस्तीला येता का आमच्याकडचा चहा आवडतो म्हणून?" शेवटी ठरलं, खंडेनवमीला यायचं. शेड बंद असते, कोणाचं काम अडणार नाही.

खंडेनवमीला तिथली सगळी मशिनं धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या हारांनी सजवून ठेवतात. शेडचा मेन स्विच खाली. पूजा झाली की शेडला कुलूप, ते दसरा उलटल्यावरच उघडायचं. त्या दिवशी यंत्राला राबवलं तर वर्षभर अपघात होतात, अशी अण्णांची पक्की समजूत. माझ्या पोस्टमनला तेवढी सूट मिळाली होती. "तो कुठं यंत्र? तो निरोप्या," असं म्हणून अण्णांनी त्यालाही कुंकवाचं बोट लावलं.

पूजा आटोपली, पेढे वाटून झाले, शेडला कुलूप लागलं, माणसं पांगली. किसनमामा — अण्णांचे सगळ्यात जुने कारागीर — पेढ्याच्या वेळी दिसले नाहीत. पण कोणी चौकशीही केली नाही. दर वर्षी पूजा झाली की ते परस्पर वणीला, गडावर देवीच्या दर्शनाला जायचे. दसरा करूनच परत. त्यांच्या घरीही तेच गृहीत धरलेलं.

मी राउटरसमोर बसले. शेडमधला कॉम्प्युटर बंद असताना काय दिसतं ते आधी बघू, म्हणून पिंग लावलं. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला "आहेस का?" असं विचारत राहायचं आणि दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं. इथे अर्थातच काही उत्तर यायला नको होतं.

उत्तर आलं. मग येतच राहिलं.

भीती वगैरे नाही वाटली. खरं सांगायचं तर मजा वाटली, चोर सापडल्यासारखी. असा राउटर स्वतःच्या दोन्ही कार्डांच्या पत्त्यांवर स्वतःच उत्तर देतो, केबल काढलेली असली तरी... पूर्वी एकदा या गोष्टीनं मला चांगलंच फसवलं होतं. म्हणून पत्ता पुन्हा वाचला. शेडच्या कॉम्प्युटरचाच होता. उत्तर देणाऱ्या कार्डाचा कायमचा नंबर तपासला, तोही त्याचाच. केबल उपटली — उत्तरं थांबली. लावली — सुरू. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे पलीकडे वीज हवी. आणि पलीकडे यूपीएससुद्धा नव्हता!

अंगणात अण्णा कुलपाची किल्ली खिशात टाकून घरी निघाले होते.

"अण्णा, शेड उघडा. आत कॉम्प्युटर चालू राहिलाय."

दुसरं काहीही सांगितलं असतं तर "परवा बघू" म्हणाले असते. पण हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "चालू? आज?" त्यांनी घाईघाईनं कुलूप काढलं.

आत अंधार आणि ओल्या साबणाचा वास. मेन स्विच खालीच होता. कॉम्प्युटरची वायर प्लगमधून काढून, गुंडाळून, वर हार घातलेला. मी मॉनिटरच्या मागे हात लावून पाहिला. गार.

"ताई, सणाच्या दिवशी चेष्टा करता का?" अण्णा खरंच चिडले होते.

मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या बाजूनं कण्हल्यासारखं ऐकू आलं. शेडच्या टोकाला कॉम्प्रेसरची खोली आहे. तिथे किसनमामा ओल्या फरशीवर पडलेले, डोक्याखाली रक्त, फुलांचं ताट उपडं. कॉम्प्रेसरला हार घालायचा राहिला म्हणून ते एकटेच मागे गेले होते आणि साबणावरून घसरले होते. अण्णांना घाईत गाडी सुरूच करता येईना. शेवटी मीच चालवली. डॉक्टर म्हणाले, परवापर्यंत माणूस राहिला नसता.

संध्याकाळी मी बॅग घ्यायला ऑफिसात परत गेले. पिंग चालूच होतं, पण उत्तरं थांबली होती. हिशेब करून पाहिला, तर आम्ही मामांना उचललं त्याच सुमाराला शेवटचं उत्तर आलेलं. हिरवा दिवाही विझलेला.

नंतर शेडची वीज घालवून मी तोच प्रयोग कितीतरी वेळा केला. एकदाही उत्तर नाही. या धंद्यातल्या जुन्या मित्रांना विचारलं. कोणी म्हणालं, दुसरं एखादं मशीन उत्तर देत असेल. पण केबल थेट होती, मध्ये दुसरं काहीच नव्हतं. कोणी म्हणालं, तुला भास झाला. अण्णा हात जोडून "देवीची कृपा" म्हणाले आणि मोकळे झाले. मला तसं मोकळं होता येत नाही. चीड येते, खरंच.

मामा बरे झाल्यावर त्यांना भेटायला गेले होते. विचारलं, "मामा, तिथं पडल्यावर कॉम्प्युटरचा आवाज येत होता का?"

"नाय बा. लय अंधार व्हता," ते म्हणाले. "कुलपाचा आवाज आला तेवढा. मंग म्या समद्यांला हाका मारल्या. तोंडातनं आवाजच निघंना, ताई. पर मारत व्हतो... हाय, हितं हाय, आसं."

मी चहा घेतला आणि निघाले.

आता दर खंडेनवमीला मला आमंत्रण असतं. पूजा झाली की अण्णा प्रत्येकाला नावानं हाक मारून बाहेर काढतात, शेडमध्ये स्वतः फिरून येतात, आणि तरीही किल्ली हातात धरून ऑफिसच्या दाराशी थांबतात. आता त्यांच्या शेजारी मामाही असतात. मी पिंग लावते.

"येतंय का काही, ताई?"

एरवी उत्तर आलं नाही की माझा जीव खालीवर होतो. तिथे मात्र मी स्क्रीनकडे बघत श्वास रोखून बसते, आणि बराच वेळ काही आलं नाही की मगच म्हणते, "नाही अण्णा. लावा कुलूप."